पात्यावरचं पाणी

सोलापुरात पाण्याला वार असतो. एखाद्या गल्लीत ते बुधवारी रात्री येतं, एखाद्या गल्लीत रविवारी पहाटे. कधी तीन दिवसांआड, कधी चार, उन्हाळा कडक असेल तर पाच. उजनीहून शंभरेक किलोमीटर नळातून आलेलं, टाकळीला भीमेतून उचललेलं, नाहीतर हिप्परग्याच्या तलावातलं. नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली जागी होते, मोटारी घरघरू लागतात, पिंपं, हौद, घागरी भरतात आणि नळ गेला की हिशेब सुरू होतो. प्यायचं वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं, वापरायचं वेगळं. वापरायच्या पाण्यालाही पुन्हा रांग असते: भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. अशा गावात दाढी झाल्यावर रेझर धुवायला पाणी मिळणार ते अर्धा तांब्या. तेवढं पुरतं. मी ते अण्णांकडे बघत शिकलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीत वीव्हिंग खात्यात होते. पहिल्या पाळीला जायचं असलं की भोंग्याच्या आधी त्यांची दाढी उरकलेली असायची. मोरीच्या पायरीवर बसून, खिळ्याला टांगलेल्या आरशात बघून ती ते करायचे. दाढी करताना मी त्यांना फारसं बघितलेलं नाही, कारण तेव्हा मी झोपेतून उठत असे. मला आठवतं ते दाढी झाल्यानंतरचं सगळं. रेझर पितळेचा होता, वरचा निकेलचा मुलामा कडांना झिजून आतला पिवळा रंग दिसू लागलेला. समोर दोन वाट्या. पहिल्या वाटीत रेझरचं डोकं बुडवून ते चारदोनदा हलवायचे. फेस आणि केस त्या पाण्यात उतरायचे आणि पाणी राखाडी व्हायचं. मग दांडी उलटी फिरवायची. वरची टोपी, मधली जाळी आणि पातं असे भाग सुटे व्हायचे. पातं ते नेहमी आखूड बाजूंनी धरायचे, जिथं धार नसते तिथं, अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत. तांब्यातून बारीक धार सोडून एकेक भाग धुवायचा, धुतलेला भाग दुसऱ्या वाटीत एकदा बुचकळायचा आणि मनगटाला एक झटका द्यायचा. थेंब शहाबादी फरशीवर पडायचे आणि बघता बघता नाहीसे व्हायचे. मग सगळे भाग खिडकीच्या कट्ट्यावर, एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी दाढीच्या वेळीच ते पुन्हा जोडले जायचे. दांडीच्या पेरापेरांत अडकलेला साबण ते आठवड्यातून एकदा जुन्या दातांच्या ब्रशनं काढायचे.

या सगळ्याचं कारण त्यांनी कधी समजावून दिलं नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "ओलं ठेवायचं नसतं रे."

आज मला वाटतं, त्या एका वाक्यात रेझरच्या स्वच्छतेतलं निम्म्याहून अधिक शहाणपण आहे. दाढी झाल्यावर पात्यावर काय उरतं ते बघा: साबणाचा थर, त्वचेचं तेल, मेलेल्या कातडीचे कण, केसांचे तुकडे, आणि डोळ्यांना न दिसणारं एखाद्या सूक्ष्म चिरेतलं रक्त. जिवाणूंना याहून चांगलं जेवण काय हवं? त्यांना त्याबरोबर फक्त ओल लागते. दोन पत्र्यांच्या मध्ये, पात्याच्या खाली, जिथं हवा जात नाही तिथं ती ओल दिवसभर टिकते. तोच रेझर दुसऱ्या दिवशी गालावर फिरला की काल वाढलेलं सगळं ताज्या ओरखड्यांवर चोळलं जातं, आणि मग हनुवटीखाली तांबूस पुळ्या उठतात, कधी केसतोड होतो. लोक साबण बदलतात, क्रीम बदलतात, पातं बदलतात. रेझर वाळतो की नाही, हे मात्र कुणी बघत नाही.

आमच्या गावाचं ऊन इथं कामाला येतं. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि खिडकीतलं पातं काही मिनिटांत वाळतं. सोलापूरच्या उन्हाला शिव्या सगळेच देतात; त्याचे उपकार कुणी मोजत नाही. पापड, सांडगे, मिरच्या, गिरणीतून रंगून आलेलं सूत, हे सारं त्याच उन्हानं वाळवलं. अण्णांचं पातंही त्यानंच वाळवलं. पावसाळ्यात ते कट्ट्यावरून उठून स्टोव्हजवळच्या फळीवर जायचं, एवढाच फरक.

आताच्या घरांत न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून आलं, खिडकी वीतभर झाली, आणि रेझर प्लास्टिकच्या पेल्यात डोक्यावर उभा राहू लागला. पेल्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलेलं. दिवसभर दार बंद, आत गरम पाण्याची वाफ. आंघोळीच्या जागी रेझर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धुवा तिथं, ठेवा बाहेर.

आमच्या पाण्याचा स्वभावही सांगायला हवा, विशेषतः बोअरच्या. ते जड आहे. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून एक न विरघळणारा साका तयार करतो. तोच रेझरच्या फटींत बसतो, आणि त्या साक्यात केसांचे तुकडे रुतून राहतात. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही. अण्णा लिंबाची पिळलेली फोड त्यावर चोळायचे, पाच मिनिटं थांबायचे आणि धुवून टाकायचे. आंबटानं क्षार सुटतो, साधं रसायन आहे. व्हिनेगरनंही तेच होतं. फक्त आंबटात रेझर रात्रभर बुडवून ठेवू नये. पितळ थोडंफार सोसतं, पण हल्लीचे स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांचा मुलामा फाटला की आतला धातू खाल्ला जातो.

एवढं झाल्यावर जंतुनाशकाची पाळी. क्रम इथं फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांचा तोच चुकतो. मळलेल्या रेझरवर औषध ओतून काही होत नाही. साबण आणि केस यांच्या थराखाली जिवाणू सुखात राहतात. आधी धुणं, मग मारणं, मग वाळवणं. त्यातही एक गंमतीचं वैर आहे. सॅव्हलॉनसारख्या औषधांत सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडीन असतं, आणि साबणाशी गाठ पडली की त्यांचा जोर संपतो. म्हणजे दाढीचा साबण नीट धुतला गेला नसेल तर ते औषध वाटीतच निकामी होतं. डेटॉलचं पाणी पांढरट झालं की आपल्याला काहीतरी जबरदस्त घडल्यासारखं वाटतं, पण मळ असेल तर त्याचाही प्रभाव कमी होतो. स्पिरिट सगळ्यांत सोपं. त्यातही सत्तर टक्क्यांचं चांगलं, कारण जिवाणूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल त्याआधीच उडून जातं. पूर्ण धातूचा रेझर असेल तर पातं काढून तो दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला तरी चालतो. ब्लीच मात्र लांब ठेवावं, ते पोलाद खातं.

आणि पातं टॉवेलला कधी पुसायचं नाही. ज्या गावानं घराघरांत टॉवेल पोचवला त्या गावात हे सांगावं लागतं! सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. अण्णांच्या खांद्यावर तो कायम असे, तोंड पुसायला, घाम पुसायला, उन्हात डोक्याला गुंडाळायला. पण पात्याला त्याचा स्पर्श नाही. टेरीच्या उभ्या टाक्यांत धार अडकते, टाकाही तुटतो आणि धारही जाते. पात्याची कड किती नाजूक असते, ते 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं. पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला माणसाचा केसही, विशिष्ट कोनात वाकून लागला तर, कडेचा कपचा उडवतो. हे वाचलं तेव्हा विणकराला धाग्याची जात कळते तशी अण्णांना धार कळत होती, असं मला वाटून गेलं.

हे सुटं पातं आलं कुठून, तेही सांगतो. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याचा रेझर बाजारात आला तो 1903 साली. त्या पहिल्या वर्षी विकले गेले फक्त 51 रेझर आणि 168 पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना रेझर वाटले गेले आणि दाढी न्हाव्याच्या खुर्चीतून उठून माणसाच्या स्वतःच्या हातात आली. जिलेटची कल्पना वापरून फेकून द्यायची होती. आपल्याकडे पातं फेकणं कुणाला परवडत होतं? टोपाझ, पनामा, सेव्हन ओ'क्लॉक, जे मिळेल ते पातं जपून जपून वापरलं जाई. साध्या पोलादाचं पातं एक रात्र ओलं राहिलं तर सकाळी तांबूस व्हायचं. 1960 नंतर स्टेनलेस पाती पसरली आणि तो गंज दिसेनासा झाला, आणि माणसं बेफिकीर झाली. पहिल्या महायुद्धातलीच दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. जनावरांच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या दाढीच्या ब्रशांतून ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना आणि इतरांना काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, लागण झाली. दोनशेच्या वर माणसं आजारी पडली. तेव्हा ब्रशही झटकून, टांगून, वाळवूनच ठेवावा.

एवढ्याशा चिरेनं काय होतं, असं म्हणणाऱ्यांना मी भय्या चौकात घेऊन जातो. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता स्मारक. 10 ऑक्टोबर 1910 ला सोलापुरात जन्मलेले कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर ते तिथल्या डोंगराळ मुलखात शस्त्रक्रिया करत राहिले. ज्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पुढे संचालक झाले, ते ज्यांच्या नावानं होतं ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून कसे गेले? 1939 च्या ऑक्टोबरअखेरीस एका जखमी सैनिकावर घाईघाईत शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला चीर पडली. हातमोजे नव्हते. त्याच हातानं त्यांनी पुढचे रुग्ण हाताळले, त्यांत एक जंतुसंसर्ग झालेला होता. विष रक्तात भिनलं आणि 12 नोव्हेंबरला बेथून गेले. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोचलेलं नव्हतं. ज्या माणसानं इतरांच्या जखमा धुतल्या त्याचा जीव बोटावरच्या एका चिरेनं घेतला. त्या दालनात फिरताना फोटोंपेक्षा मला ती न दिसणारी चीर जास्त दिसते. कोटणीसही सोलापूरला परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले.

तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन यांचं तर थेट दाढीशी नातं आहे. डास चावलेल्या जागी रेझर लागला, जखम चिघळली आणि 5 एप्रिल 1923 ला कैरोत ते वारले. जगानं ममीचा शाप शोधला. रेझर कुणी विचारात घेतला नाही.

आज औषधं आहेत, म्हणून आपण निर्धास्त आहोत. बहुतेक वेळा ते बरोबरही आहे. पण घरात मधुमेही माणूस असेल तर त्याची चीर लवकर भरत नाही, हे लक्षात ठेवावं. आणि अण्णांच्या वाळवण्यालाही एक मर्यादा आहे. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणजे ऊन आपला रेझर आपल्यापुरता राखतं, दुसऱ्यासाठी नाही. एका रेझरवर बाप आणि तीन मुलं, पाहुणा आला तर तोही, हे आमच्या चाळींतून सर्रास चालायचं. त्यामागं आपुलकी होती आणि टंचाईही होती, पण आता ते चालू ठेवण्याचं कारण नाही. रेझर ज्याचा त्याचा असावा, दातांच्या ब्रशइतकाच.

सलूनची गोष्ट इथं येतेच. न्हाव्याची धोकटी ही आपल्या गावगाड्यातली फार जुनी वस्तू. वस्तरा, वाटी, आरसा, धार लावायचं चामडं. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरीच्या वाटेवर संत सेना महाराजांनी याच हत्यारांचे अभंग केले. त्या धोकटीत खरा बदल झाला 1990 नंतर, एड्सच्या भीतीनं. गिऱ्हाईक खुर्चीत बसता बसता म्हणू लागलं, "मामा, नवीन ब्लेड लावा." पात्याचा कागद न सोडता, कागदासकट ते मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं आणि अर्धं पुन्हा कागदात ठेवायचं, ती कट्कन होणारी मोड ऐकल्यावर गिऱ्हाईक मान मागं टाकतं. कोरोनात टाळेबंदी झाली, 28 जून 2020 ला राज्यातली सलून उघडली तेव्हाही केस कापायला परवानगी होती, त्वचेशी संबंधित कामांना नव्हती. कितीतरी घरांत तेव्हा माळ्यावरचे जुने रेझर खाली आले. आमच्याकडे अण्णांचा आला.

पण सलूनमध्ये पातं नवं आलं तरी तुरटी जुनीच राहिली. तोच ओला खडा, या गालावरून त्या गालावर. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत आई जी तुरटी फिरवायची, तीच ही. गाळ खाली बसवते, रक्त थांबवते, कातडी आवळते. विषाणू मात्र ती मारत नाही. अनेकांच्या रक्ताला लागलेला खडा आपल्या चिरेवर फिरवून घेऊ नये. "मामा, तुरटी नको," एवढं म्हटलं तर कुठलाही कारागीर रागावत नाही. उलट वस्तऱ्याची पकड आणि कंगवा आपल्यासमोर स्पिरिटनं पुसणारा कारागीर मला भेटला की मी दोन पैसे जास्त ठेवतो. ते त्याचं हक्काचं आहे.

आता पात्याचा शेवट. जुन्या काळी पात्याला दाढीनंतरही आयुष्य होतं. पेन्सिलीला टोक काढायला, शिवण उसवायला, मागावर गाठीचा धागा तोडायला. मोडकं पातं विणकराच्या बोटांत मी लहानपणी इतक्यांदा पाहिलं आहे की ते त्याच्या हाताचाच भाग वाटे. आज तसं कुणी वापरत नाही. दाढी झाली की पातं कचऱ्याच्या डब्यात, उघडं, बटाट्याच्या सालींमध्ये.

आमच्या गल्लीत घंटागाडी येते. गाडीमागं एक मावशी असतात, प्लास्टिक, पुठ्ठा, ओला कचरा हातानं वेगळा करणाऱ्या. एकदा डबा देताना त्यांच्या तर्जनीला चिंधी बांधलेली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "पातं लागलं. काच असली, पातं असलं की सांगत जावा की हो, आम्हाला काय आतलं दिसतंय?" आवाजात तक्रारही नव्हती, नुसती माहिती होती. मी त्यांना घरातलं आयोडीन लावून दिलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या म्हणून सिव्हिलला पाठवलं. ते पातं कुणाचं होतं, त्याला कुणाचं रक्त लागलं होतं, हे कोण सांगणार? आपला रेझर स्पिरिटनं पुसून, उन्हात वाळवून आपण स्वतःचा गाल वाचवतो; तेच पातं दुसऱ्याच्या बोटात गेलं तर त्या सगळ्या स्वच्छतेला अर्थ उरत नाही. स्वच्छता आपल्या उंबऱ्याशी संपते असं आपण धरून चालतो, आणि आपल्या गावांची निम्मी दुखणी तिथूनच निघतात.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. बिस्किटाचा किंवा औषधाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला सुरीनं पातं जाईल एवढी खाच पाडा, आणि वापरलेलं प्रत्येक पातं त्यात टाका. एका माणसाच्या पात्यांनी तो भरायला वर्षंच्या वर्षं लागतात. भरला की खाचेवर चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत "पाती" लिहा, आणि तो कचऱ्यात न टाकता घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात द्या. देताना आत काय आहे ते तोंडानं सांगा.